वेरूळविषयक मुद्राचित्रे

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) जिल्ह्याच्या खुलताबाद तालुक्यातील वेरूळ येथील लेण्यांची, तांब्याच्या पत्र्यावर उत्कीर्णन वा अम्लरेखन करून कागदावर छापलेली चित्रे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून छायाचित्रणाचा प्रसार होईपर्यंत वेरूळची जगाला जी ओळख झाली, ती मुख्यतः या चित्रांच्या द्वारे. टॉमस डॅन्येल (१७४९–१८४०) या इंग्रज चित्रकाराने लंडन येथे १८०३ मध्ये प्रसिद्ध केलेला हिंदू एक्सकॅव्हेशन्स इन द माउंटन ऑफ एलोरा हा चोवीस चित्रांचा संच त्यांत अग्रगण्य मानला जातो. संचाच्या मुखपृष्ठावर दोन नावे आढळतात : ज्याच्या रेखाटनांवरून चित्रे केली तो जेम्स वेल्स आणि ज्याने ती ताम्रपटावर उतरविली वा उतरवून घेतली तो डॅन्येल. पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबट या चित्रकाराचे नाव तेथे नाही. या चित्रांचे मूल्यमापन करताना केवळ त्यांच्या सौंदर्याचा विचार पुरेसा होत नाही. लेण्यासमोर बसून कोणी पाहिले, कोणी मोजले आणि लेणे प्रत्यक्ष न पाहता ते कोणी कोरले, हाही प्रश्न विचारात घ्यावा लागतो.

लेणी कधी विस्मृतीत गेली नव्हती. लेण्यांच्या डोंगरामागील पठारावर खुलताबाद (रौझा) हे सूफी संतांच्या दर्ग्यांचे व औरंगजेब, मलिक अंबर यांच्या कबरींचे स्थान आहे. पायथ्याशी घृष्णेश्वराचे तीर्थक्षेत्र आहे. यात्रेकरू, फकीर व वाटसरू यांची ये-जा तेथे अखंड चालू होती. यूरोपीय वाचकांपर्यंत वेरूळची वार्ता प्रथम नेली ती विशेषतः फ्रेंच प्रवाशांनी. झां द थेव्हनो (१६३३–६७) याने सतराव्या शतकात आणि झेंद-अवेस्ताचा अनुवादक आंकतील-द्यूपेराँ याने अठराव्या शतकाच्या मध्यास लेण्यांची वर्णने लिहिली. दुसऱ्याचे वर्णन १७७१ मध्ये पॅरिस येथे छापले गेले. परंतु वेरूळसारखे स्थळ शब्दांनी डोळ्यांपुढे उभे करणे दुष्कर असते. कैलास लेण्याचे प्रांगण सु. ८४ मी. लांब व ४७ मी. रुंद असून मंदिराची उंची सु. ३० मी. भरते. हे आकडे ज्याने लेणे पाहिले आहे त्यालाच काही सांगू शकतात. चित्रांची निकड त्यातून निर्माण झाली.

ही निकड पुण्यात पुरी होऊ लागली. सर चार्ल्स वॉर मॅलेट हा ईस्ट इंडिया कंपनीचा पेशव्यांच्या दरबारातील वकील पुराणवस्तूंचा जिज्ञासू होता. सवाई माधवरावांसही चित्रकलेची आवड होती. मॅलेटच्या पुढाकाराने पुण्यास एक चित्रशाळा चालू झाली आणि तीत स्थानिक कारागिरांना यूरोपीय पद्धतीचे यथादर्शन व छायाप्रकाश यांचे शिक्षण मिळू लागले. गंगाराम तांबट हा तिच्याशी संबंधित चित्रकारांत सर्वांत गुणी. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडा, सिंह इ. प्राण्यांची, तसेच तालमीतील कसरतपटूंची त्याने केलेली चित्रे उपलब्ध आहेत. गेंड्याच्या कातडीच्या घड्या त्याने जितक्या शांतपणे पाहिल्या, तितक्याच शांतपणे त्याने पुढे लेण्यांतील स्तंभ पाहिले. विषयाने दिपून न जाणे हा त्याच्या रेखेचा पहिला गुण म्हणावा लागेल.

मॅलेटने १७९३-९४ च्या सुमारास गंगारामकडून वेरूळची रेखाटने करवून घेतली आणि स्वतःही लेण्यांस भेट दिली. त्याचा वेरूळवरील निबंध एशियाटिक रिसर्चेस या पत्रिकेच्या सहाव्या खंडात (कलकत्ता, १७९९, लंडन, १८०१) प्रसिद्ध झाला. त्यासोबतची मुद्राचित्रे गंगारामच्या रेखाटनांवर आधारित होती. पत्रिकेच्या पानात मावतील एवढ्याच आकाराची ही चित्रे आज कोणास आकर्षक वाटणार नाहीत. त्यांत वातावरण नाही, आकाश नाही, झाडेझुडपे नाहीत. तथापि लेण्याची मांडणी कशी आहे, स्तंभांच्या रांगा किती, मूर्ती कोणत्या जागी, हे सांगण्याचे त्यांचे काम त्या निमूटपणे करतात. चित्र आणि नकाशा यांच्या सीमेवरची ही कृती असून तिच्यामागे भिंतीलगत पावले टाकीत अंतर मोजणारा माणूस उभा आहे, हे जाणवल्यावाचून राहत नाही.

जेम्स वेल्स (१७४७–९५) हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस व पुढील वर्षी पुण्यास आला. सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांची त्याने केलेली व्यक्तिचित्रे महाराष्ट्रात सुपरिचित आहेत. नानांचा उभट, विचारमग्न चेहरा मराठी माणसाच्या मनात ठसला आहे, तो बहुतांशी वेल्समुळेच. लेण्यांचा एक विस्तृत चित्रग्रंथ काढावा, अशी त्याची आकांक्षा होती. घारापुरी, कार्ले, कान्हेरी व वेरूळ येथे त्याने परिश्रमपूर्वक रेखाटने केली. या कामात रॉबर्ट मेबन हा साहाय्यक व गंगाराम यांची त्याला मदत झाली. १७९५ च्या ऑक्टोबर अखेरीस सवाई माधवरावांचा मृत्यू झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबरमध्ये, साष्टीतील लेण्यांच्या कामात जडलेल्या तापाने वेल्सही मरण पावला. चित्रकार गेला आणि त्याच्या भोवतालचे पुणेही विस्कटले. वेल्सची कन्या सुझॅना हिच्याशी मॅलेटने १७९९ मध्ये विवाह केला. तत्पूर्वी तो इंग्लंडला परतला होता. वेरूळची रेखाटने डॅन्येलकडे पोहोचली ती या मार्गाने. डॅन्येल व त्याचा पुतण्या विल्यम यांची वेल्सशी १७९३ मध्ये मुंबईत भेट झाली होती व त्यांनी मुंबईजवळची लेणी पाहिलीही होती. मात्र वेरूळला टॉमस डॅन्येल कधीच गेला नाही.

डॅन्येलने वापरलेले तंत्र अॅक्वाटिंटचे. ताम्रपटावर राळेची बारीक पूड पसरून पत्रा तापविला, की कण त्यास चिकटतात. नंतर पत्रा अम्लात बुडविल्यास कणांमधल्या मोकळ्या जागा तेवढ्या खाल्ल्या जातात. जेथे फिकट छटा हवी, तेथे थोड्या वेळाने रोगण लावून अम्लाचे काम थांबवितात आणि जेथे गडद काळोख हवा, तेथे अम्लाला पुनःपुन्हा चरू देतात. रेषांनी कोरलेल्या उत्कीर्णनात छाया ही रेषांच्या जाळीतून सूचित करावी लागते. अॅक्वाटिंटमध्ये ती सलग पसरते व जलरंगासारखी दिसते. हे तंत्र १७६० नंतरच्या दशकात झां-बातीस्त ल प्रँस या फ्रेंच चित्रकाराने विकसित केले व पॉल सँडबीने ते इंग्लंडमध्ये रूढ केले. छापलेल्या चित्राच्या प्रती पुढे हाताने रंगवीत. पत्र्यावरील आकृती कागदावर उलटी उमटत असल्याने कोरणाऱ्यास मूळ रेखाटन आरशात पाहिल्याप्रमाणे उतरवावे लागे. ज्या मूर्तीत कोणत्या हातात कोणते आयुध आहे यावरच देवतेची ओळख अवलंबून असते, तिच्या बाबतीत ही किती जोखमीची गोष्ट होती, हे सांगावयास नको.

वेरूळच्या काळ्या बसाल्टी खडकासाठी याहून अनुरूप तंत्र सुचविणे अवघड आहे. राळेच्या कणांमुळे छापाला येणारी खरबरीत पोत कातळाच्या पृष्ठभागाशी नैसर्गिक नाते सांगते. दशावतार, तीन ताल, धुमार लेणे यांच्या चित्रांत दर्शनी भागातील उजेडाकडून अंतर्भागातील अंधाराकडे होणारा प्रवास अनेक पायऱ्यांनी दाखविला आहे. लेण्यात शिरल्यावर डोळे अंधाराला हळूहळू सरावतात. तो अनुभव कागदावर आणण्यात डॅन्येलला मोठे यश आले आहे. संपूर्ण डोंगराची तीन चित्रे त्याहून वेगळी. त्यांत लेणी जवळजवळ हरवून जातात व दिसते ती सह्याद्रीच्या फाट्याची आडवी, थरांची घडण. लेणे हे डोंगराचेच अंग आहे, ही जाणीव या तीन चित्रांइतकी संचातील इतर कोणत्याच चित्राने होत नाही.

कैलास लेण्यापाशी मात्र ही कला अपुरी पडते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (आठवे शतक) याच्या कारकीर्दीशी निगडित असलेले हे मंदिर वरून खाली खोदत आणले आहे. येथे पाया आधी व कळस नंतर हा वास्तुशिल्पाचा सर्वसाधारण क्रम उलटला आहे. डॅन्येलच्या संचात कैलासाची एकाहून अधिक दृश्ये आहेत व ती देखणी आहेत. परंतु त्यांत दिसते ती बांधलेली इमारत. जमिनीवर उभे राहून समोर पाहणाऱ्या, एकाच बिंदूतून सर्व रेषा नेणाऱ्या यथादर्शनाला खोदकाम दाखविता येत नाही. तीन बाजूंच्या कड्यांना ते पार्श्वभूमीचे पडदे समजते. हा दोष डॅन्येलच्या हाताचा नसून त्याच्या चित्रभाषेचा आहे. अवशेष, त्यांवर वाढलेली झुडपे, मोजमापासाठी ठेवलेल्या इवल्याशा मानवाकृती आणि नाट्यमय उजेड हे इंग्लंडमधील ‘रम्यदृश्य’ संप्रदायाचे संकेत ठरून गेले होते व वेरूळलाही त्या चौकटीत बसावे लागले. मूर्तींच्या बाबतीत तर नुकसान अधिक झाले. वेरूळच्या शिल्पांतील गती, तोल आणि अंगांची फेक ही प्रेक्षकाला थेट भिडणारी आहे. चित्रांत त्या मूर्ती भिंतीवरील धूसर सजावटीप्रमाणे मागे सरतात. लेणे न पाहिलेल्या माणसाने दुसऱ्याच्या रेखाटनावरून कोरताना वातावरण कल्पनेने भरता येते, मूर्तीची मुद्रा भरता येत नाही.

संचाच्या नावातही एक चूक दडलेली आहे. वेरूळच्या चौतीस लेण्यांपैकी पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू व अखेरची पाच जैन आहेत. मॅलेट, वेल्स व डॅन्येल यांनी मात्र ती सरसकट ‘हिंदू’ ठरविली. चित्रांखालील नावे स्थानिक लोकांच्या तोंडची आहेत : विश्वकर्मा, इंद्रसभा, जगन्नाथ सभा, दोन ताल, तीन ताल. सुतारांनी दहाव्या लेण्यातील बुद्धमूर्तीत आपला विश्वकर्मा पाहिला व त्या चैत्यगृहाला ‘सुताराची झोपडी’ म्हटले. त्यांची ती श्रद्धा होती. चित्रकारांनी तिची पाटी करून टाकली. तरीही ही नावे केवळ अज्ञानाची खूण समजून पुसून टाकणे योग्य नव्हे. लेण्यांशी भोवतालच्या माणसांचा जो व्यवहार होता, त्याचा पुरावा या चित्रांत अन्य कोठेही उरलेला नाही. तो या अक्षरांतच उरला आहे.

याच काळात फ्रान्समध्ये ग्रंथचित्रणाची कला ऐन भरात होती व तिचा मोठा भाग उपरोधिक साहित्याला वाहिलेला होता. झां-मीशेल मोरो (१७४१–१८१४) याने व्हॉल्तेअरच्या केल येथील समग्र आवृत्तीसाठी (१७८५–८९) केलेल्या चित्रांवरून कोरलेली उत्कीर्णने प्रसिद्ध आहेत. ला फाँतेनच्या बोधकथांना झां-बातीस्त ऊद्रीच्या रेखाटनांवरून चित्रे लाभली (१७५५–५९). ला फाँतेनने आपल्या कथांच्या दुसऱ्या संग्रहात (१६७८) भारतीय ‘पिल्पे’चे ऋण मान्य केले होते. याचा अर्थ असा, की पंचतंत्राच्या परंपरेतील प्राणी फ्रेंच दरबारी पोशाखाच्या जगात वावरू लागले, तरी त्यांच्या मागे एक भारतीय सावली होतीच. भारताला थेट रंगभूमी बनविणाऱ्या उपरोधिका म्हणजे व्हॉल्तेअरची लेत्र दामाबेद (१७६९) व बेर्नार्दँ द सँ-प्येरची ला शोम्येर अँद्येन (१७९१). पहिलीत बनारसचे एक तरुण जोडपे गोव्याच्या धर्मन्यायालयाच्या तडाख्यात सापडते. दुसरीत सत्याच्या शोधात जगन्नाथाच्या महापंडितापर्यंत गेलेल्या इंग्रज विद्वानाला खरे उत्तर मिळते ते वादळी रात्री आसरा देणाऱ्या एका अस्पृश्याच्या झोपडीत. १८३८ मध्ये क्यूर्मेर या प्रकाशकाने पॉल ए व्हिर्जिनीसोबत तिची जी आवृत्ती काढली, तिच्यासाठी मेसोन्ये याने काढलेली व काष्ठठशांवर कोरलेली चित्रे या कलेतील नमुनेदार कामगिरी मानली जातात.

या चित्रांची वेरूळच्या चित्रांशी तुलना उद्‌बोधक ठरते. उपरोधाच्या चित्रकाराला स्थळाचे बंधन नसते. झोपडी, वड, वीज आणि घाबरलेला विद्वान एवढे त्याला पुरते. भारत हा तेथे यूरोपच्या पंडितांना आरसा दाखविण्यासाठी उभारलेला पडदा असतो आणि वाचकालाही ते ठाऊक असते. म्हणून मेसोन्येच्या झोपडीत बारकाव्यांच्या चुका असल्या, तरी त्यांनी कलाकृतीला बाध येत नाही. डॅन्येलचे चित्र मात्र ‘हे असे आहे’ असा दावा करते. त्यामुळे त्यातील प्रत्येक कल्पित सावलीची जबाबदारी त्याच्यावर येते. गंमत अशी, की दोन्ही प्रकारची पुस्तके यूरोपातील त्याच धनिक वाचकांच्या कपाटात शेजारी शेजारी विसावली आणि खरा भारत व कल्पित भारत यांच्यातील रेषा बऱ्याच जणांना दिसेनाशी झाली. फ्रेंच प्राच्यविद्यापंडित लुई लांग्लेस याने मॉन्यूमां… द लॅन्दूस्तान (१८२१) या आपल्या द्विखंडी ग्रंथात वेरूळची दृश्ये डॅन्येलच्या संचावरून घेतली. गंगाराम वा वेल्सच्या रेखाटनावरून लंडनचे ताम्रपट व त्यावरून पॅरिसचे ताम्रपट, अशी ही नकलेवरून नक्कल होती. प्रत्येक टप्प्यावर सफाई वाढली आणि कातळ थोडा थोडा कमी होत गेला.

गंगारामच्या नावाचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. ‘तांबट’ म्हणजे तांब्याचे काम करणारा. ज्याच्या जातीचा व्यवसायच तांबे ठोकण्याचा, त्याची रेखाटने तांब्यावर चढली ती परक्या हातांनी, परक्या शहरात. पुण्यास ताम्रपट कोरण्याचे कौशल्य नव्हते, असे म्हणावे, तर पुरावा उलट आहे. मॅलेटच्या आश्रयाने पुण्यातील एका तांबटाला देवनागरी अक्षरे तांब्यावर कोरण्याचे शिक्षण मिळाले होते व नाना फडणीसांच्या मनात त्याच्याकरवी भगवद्गीता छापावयाची होती. पेशव्यांच्या मृत्यूनंतर तो कारागीर मिरजेस गेला व तेथे गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने १८०५ मध्ये गीता ताम्रपटांवरून छापली गेली. डॅन्येलचा संच लंडनमध्ये निघाल्यावर दोनच वर्षांनी ही घटना घडली. हात होता, धातू होता, आश्रयदातेही होते. लेण्यांचा चित्रग्रंथ विकत घेणारा वाचकवर्ग व तो छापणारी बाजारपेठ मात्र टेम्सच्या काठी होती. पुण्याच्या चित्रशाळेची परंपरा पेशवाईच्या अखेरच्या धामधुमीत खंडित झाली आणि पश्चिम भारतात मुद्राचित्रणाचे शिक्षण पुन्हा रुजण्यास मुंबईच्या कलाशाळेची (१८५७) वाट पाहावी लागली.

डॅन्येलनंतर वेरूळच्या चित्रांचे प्रयोजन बदलत गेले. सीलीच्या द वंडर्स ऑफ एलोरा (१८२४) या ग्रंथात भारावलेले वर्णन हेच मुख्य आहे व चित्रे दुय्यम. कॅप्टन रॉबर्ट ग्रिंडले याने पश्चिम भारतावरील आपल्या संचात (१८२६–३०) अॅक्वाटिंटचे तंत्र आणखी झळाळीचे केले. पण ती झळाळी वेरूळला मानवत नाही. जेम्स फर्ग्युसनने १८४५ मध्ये शैलगृहांवरील आपल्या ग्रंथासाठी ताम्रपट सोडून शिलामुद्रण स्वीकारले व रम्यतेपेक्षा कालानुक्रम आणि वास्तुप्रकार यांना महत्त्व दिले. बौद्ध, हिंदू व जैन लेण्यांची फोड रूढ होण्यास त्याच्या लेखनाचा मोठा हातभार लागला. मेजर रॉबर्ट गिल याची अजिंठा-वेरूळची चौऱ्याहत्तर छायाचित्रे १८६४ मध्ये ग्रंथरूपाने आली आणि हाताने कोरलेल्या दृश्याची गरज संपत आली. जेम्स बर्जेसच्या वेरूळवरील अहवालातील (१८८३) तलविन्यास व छेद पाहिले, की एक गोष्ट ध्यानात येते : मोजणे, मांडणी दाखविणे, मूर्तीची जागा निश्चित करणे ही जी कामे एशियाटिक रिसर्चेसमधील त्या रुक्ष चित्रांनी नव्वद वर्षांपूर्वी आरंभिली होती, त्यांकडेच पुरातत्त्वविद्या परतली होती.

गंगारामची बरीचशी रेखाटने, तसेच वेल्सचे कागद अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रातील पॉल मेलन संग्रहात आहेत. वेल्सचे साहाय्य करणारा ‘एक देशी कारागीर’ म्हणून दीर्घकाळ उल्लेखिल्या गेलेल्या गंगारामचा स्वतंत्र अभ्यास अलीकडे सुरू झाला असून होली शॅफर यांच्या ग्राफ्टेड आर्ट्स (२०२२) या ग्रंथात पुण्याच्या या चित्रव्यवहाराची सविस्तर चर्चा आढळते. डॅन्येलच्या संचाच्या छापील प्रती जगातील अनेक ग्रंथालयांत पाहावयास मिळतात; ज्या शाईच्या व जलरंगाच्या रेखाटनांपासून या साऱ्याचा आरंभ झाला, त्यांचे मराठी टिपांसह एकत्र प्रकाशन महाराष्ट्रात व्हावयास हवे.